आर्किटेक्चर सोडायचं नाही, पण तंत्रज्ञान खुणावतंय

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी मैत्रीण २९ वर्षांची आर्किटेक्ट आहे. पदवीनंतर पाच वर्षं एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये काम करते. गेल्या वर्षी एका शाळेच्या पश्चिमेकडच्या सपाट भिंतीवर उभ्या शेडिंग पट्ट्या बसवायच्या होत्या. सगळ्या पट्ट्या एकाच कोनात ठेवण्याऐवजी प्रत्येकीचा कोन उन्हाप्रमाणे वेगळा ठेवला, तर वर्गात उजेड येईल आणि फळ्यावरची चकाकी टळेल, असं तिच्या मनात आलं. तिने नेटवर बघून ग्रासहॉपर हे नियमांवरून आकार घडवणारं सॉफ्टवेअर शिकलं, त्यात डेफिनिशन (म्हणजे कोन ठरवणारा, तारांनी जोडलेला प्रोग्रॅम) बनवली, वरिष्ठांनाही ती आवडली. पण पट्ट्या बनवून देणाऱ्या फॅब्रिकेटरने हात वर केले आणि शेवटी सगळ्या पट्ट्या एकाच कोनात बसल्या. तेव्हापासून डिझाइन आणि तंत्रज्ञान यांची सांगड घालणारं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं असं तिला वाटतंय. पण कोडिंग येत नाही, पोर्टफोलिओत फक्त इमारती आहेत आणि त्या पट्ट्या अपयश म्हणून शेवटच्या पानावर, कोर्सच्या नावांनीच गोंधळ उडतो, कर्ज काढावं लागणार आहे आणि जवळचे लोक म्हणतात, "म्हणजे आर्किटेक्चर सोडणार तू." तिचे शेवटचे दोन प्रश्न: "मी नेमका कुठल्या कोर्सला अर्ज करू? आणि बॉसना आत्ताच सांगू का?"

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त जीव आहे तो त्या पट्ट्यांच्या परिच्छेदात. रँकिंग, वय, कर्ज यांबद्दल लिहिताना तुमची वाक्यं अडखळतात. पट्ट्यांबद्दल मात्र तुम्ही सलग, ठामपणे आणि थोडं चिडूनही लिहिलंय. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

कुठल्या कोर्सला अर्ज करू, हा प्रश्न विचारायची वेळ अजून आलेली नाही असं मला वाटतं. 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' या पाटीखाली चालणारे कोर्स एकमेकांपासून इतके लांब आहेत की एका ठिकाणी रमलेला विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी वर्षभर कंटाळून बसेल. एकीकडे यंत्रमानवाच्या हाताने लाकूड कापतात, दुसरीकडे दिवसभर हवामानाच्या आकड्यांशी झुंजतात, तिसरीकडे इमारतीचा विषयच निघत नाही. तेव्हा आधी हे शोधू या, की त्या पट्ट्यांमधलं नेमकं काय तुमच्या डोक्यातून जात नाहीये?

त्याआधी एक तांत्रिक शंका, रागावू नका. सूर्य इतका लांब आहे की सपाट भिंतीवर त्याचे किरण सगळीकडे समांतरच पडतात. मग एकाच सपाट भिंतीवरच्या, सारख्या अंतरावरच्या दोन पट्ट्यांना ऊन अडवण्यासाठी वेगवेगळे कोन कशाला लागतील? भिंत वक्र असती तर लागले असते. समोरच्या झाडाची किंवा इमारतीची सावली भिंतीच्या काही भागावरच पडत असेल, तरी लागतील. किंवा भिंतीमागे जागोजागी वेगळं काही चालत असेल तर: इथे फळा, तिथे वाचायचं टेबल, पलीकडे जिना. तुम्ही लिहिलंय 'उन्हाप्रमाणे', पण लगेच पुढे फळ्यावरच्या चकाकीबद्दल बोलता. माझा अंदाज असा की तुमच्या मनातलं खरं कारण हे शेवटचं आहे. पट्टीचा कोन तिच्यामागे कोण बसलंय त्यावरून ठरावा, असं तुम्हाला म्हणायचं होतं. पण डेफिनिशनमध्ये तुम्ही फक्त सूर्याची दिशा घातलीत का? तसं असेल तर फॅब्रिकेटरने नाही म्हटलं तेव्हा तुमच्याकडे देण्यासारखं उत्तर नव्हतं.

हा उगाच काढलेला कीस नाही. प्रवेश समितीतला जाणकार प्राध्यापक तुमच्या पोर्टफोलिओतलं ते पान उघडेल तेव्हा पहिली शंका हीच काढेल. आणि तिचं उत्तर शोधताना तुम्हाला कुठे जायचंय हेही कळेल, कारण त्या एका भिंतीतून निदान चार वाटा फुटतात.

पहिली वाट उजेडाची. या उजेडाने वर्गात खरंच काय फरक पडतो, हे मोजून सिद्ध करावं असं वाटत असेल, तर तुमचा विषय इमारतीची कार्यक्षमता हा आहे. इथे वर्षाचे ८,७६० तास तुमच्यासमोर असतात: प्रत्येक तासाचं तापमान, आर्द्रता, सूर्याची थेट आणि विखुरलेली किरणं, हे सगळं हवामानाच्या एका फाइलमध्ये. ग्रासहॉपरमध्ये लेडीबग हे हवामानाचं जोडसाधन वापरलं असेल तर ही फाइल तुम्ही उघडलेली आहे. त्याच्या जोडीच्या हनीबीमागे उजेडासाठी रेडियन्स आणि ऊर्जेसाठी एनर्जीप्लस ही इंजिनं काम करतात, आणि तुम्ही नेटवर जे शिकलात ते त्यांच्या वरचं झाकण आहे. या क्षेत्रात 'वर्गात छान उजेड आहे' असं म्हणून भागत नाही. वापराच्या निदान अर्ध्या तासांत जमिनीच्या किती टक्के भागावर ३०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) नैसर्गिक उजेड मिळतो, असा हिशेब मांडावा लागतो. त्यावर चकाकीचा हिशेब वेगळा, आणि दोन्ही एकमेकांच्या विरोधात जातात. तुमची शाळेची भिंत नेमकी याच ओढाताणीची होती. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातला बिल्डिंग टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा अमेरिकेतल्या एमआयटीमधला बिल्डिंग टेक्नॉलॉजी विभाग या वाटेवर आहेत. आर्किटेक्ट म्हणून काम करत राहायचं असेल तर मला ही वाट सगळ्यात भरवशाची वाटते, कारण इथे शिकलेलं दुसऱ्या दिवशी साइटवर उपयोगी पडतं.

दुसरी वाट फॅब्रिकेटरपासून सुरू होते. त्याने नाही म्हटल्याचा तुम्हाला राग आला, ते स्वाभाविक आहे. पण तो नाही का म्हणाला, हे तुम्ही विचारलंत का? प्रत्येक पट्टीचा कोन वेगळा म्हणजे तिला भिंतीवर धरणारा प्रत्येक ब्रॅकेट वेगळा, प्रत्येकावर नंबर, साइटवर अदलाबदल झाली की काम उलगडून पुन्हा. त्याच्या जागी मीही दोनदा विचार केला असता. आता हाच प्रश्न उलटा मांडून बघा: ब्रॅकेट सगळे एकसारखे ठेवून कोन वेगवेगळे कसे मिळतील? अर्धगोलाकार खाच असलेली एकच प्लेट, तिच्यावर अंशांच्या खुणा आणि बसवणाऱ्याच्या हातात कोनांचा एक साधा तक्ता. अशी काही युक्ती शोधायला तुमचे हात शिवशिवत असतील, तर फॅब्रिकेशनकडे वळा.

या बाबतीत स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावची गांटेनबाइन वाइनरी जरूर पाहा. २००६ साली ग्रामाझिओ आणि कोहलर या आर्किटेक्टांच्या चमूने तिची विटांची भिंत ईटीएच झुरिक या तांत्रिक विद्यापीठात यंत्रमानवाकडून रचून घेतली. वीट साधीच, पण प्रत्येक वीट ठरावीक कोनात किंचित वळवलेली. आतल्या जागेत थेट ऊन नको, मंद उजेड मात्र हवा, ही गरज त्या वळवण्यातून भागली, आणि लांबून बघितलं की त्याच भिंतीवर द्राक्षांचे मोठे गोल दिसतात. भिंत आधी तुकड्यांमध्ये तयार करून मग साइटवर नेली. म्हणजे जे यंत्राला सोपं ते यंत्राकडे आणि जे साइटला जमतं ते साइटकडे, ही वाटणी तिथे आधीच विचारपूर्वक झालेली होती. तुमच्या पट्ट्यांच्या बाबतीत नेमकी हीच वाटणी राहून गेली. ईटीएचमध्ये आर्किटेक्चर आणि डिजिटल फॅब्रिकेशनचा एक वर्षाचा कोर्स आहे. श्टुटगार्ट विद्यापीठाचा आयटेक हा चार सत्रांचा, इंग्रजीतून चालणारा अभ्यासक्रम आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यांना एकत्र बसवतो. तिथल्या संस्थांनी २०१० पासून बांधलेले प्रायोगिक मंडप बघाल तर फायबर, लाकूड आणि यंत्रमानव यांच्याशी कसं काम करतात ते समजेल.

तिसरी वाट संगणनाची. कोन कुठला यापेक्षा कोन ठरवणारा नियम लिहिण्यात जास्त मजा आली का? एक आकडा बदलला आणि सगळी भिंत हलली, त्या क्षणी काही उमगलं का? मग डिझाइन कम्प्युटेशन. एमआयटीच्या एसएमआर्क्स या दोन वर्षांच्या पदवीत त्याची स्वतंत्र शाखा आहे. तिथल्या जॉर्ज स्टायनी यांनी १९७० च्या दशकात जेम्स गिप्स यांच्यासोबत मांडलेलं आकारांचं व्याकरण, म्हणजे नियम लावून आकारातून आकार घडवत जाण्याची पद्धत, हे या विचाराचं मूळ समजा. लंडनच्या यूसीएलमध्ये बार्टलेट स्कूलचा आर्किटेक्चरल कम्प्युटेशनचा एक वर्षाचा कोर्स आहे, आणि लोक जागेतून कसे वावरतात याचं गणित मांडणारं बिल हिलियर यांचं स्पेस सिंटॅक्सही तिथलंच. एक सावधगिरी सांगते: सॉफ्टवेअर शिकायला म्हणून या वाटेने जाऊ नका. या कोर्समध्ये सिद्धान्त, भूमिती आणि विचार बराच असतो. बटणं कुठली दाबायची हे शिकण्याची अपेक्षा ठेवून गेलेले लोक तिथे हिरमुसतात.

चौथी वाट त्या भिंतीमागच्या वर्गातल्या शिक्षिकेकडे जाते, जिला दुपारी तीन वाजता पट्ट्या स्वतः वळवता आल्या असत्या तर बरं झालं असतं. माणूस आणि यंत्र यांच्यातली देवाणघेवाण, सेन्सर, हलणारे भाग, सेवा, उत्पादनं. पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या इमारतीचा दक्षिण दर्शनी भाग (१९८७, जाँ नुव्हेल) या स्वप्नाचं प्रसिद्ध उदाहरण आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यांसारखी उघडझाप करणारी हजारो छिद्रं, उजेडाप्रमाणे हलणारी. पुढे त्यातल्या बऱ्याच यंत्रणा बंद पडल्या, आणि हलणारी इमारत सांभाळायची कोणी हा प्रश्न आजही प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तसाच आहे. एमआयटीची मीडिया लॅब ही संशोधन प्रयोगशाळा किंवा हार्वर्डमध्ये डिझाइन आणि अभियांत्रिकी शाखांनी २०१६ मध्ये मिळून सुरू केलेला डिझाइन इंजिनिअरिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम इथे बसतात. पण इथे इमारत हा केंद्रबिंदू असेलच असं नाही, हे मनाशी पक्कं करून जा.

तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुमचा कल पहिल्या आणि दुसऱ्या वाटेच्या मधोमध आहे. माझा अंदाज चुकू शकतो. तो तपासायचा कसा, ते पुढे सांगते.

आता "आर्किटेक्चर सोडणार" या वाक्याबद्दल. हे बोलणाऱ्या लोकांना तुमची काळजी आहे, पण ते या व्यवसायाकडे फार अरुंद खिडकीतून बघतात. मीडिया लॅब १९८५ मध्ये ज्यांनी उभी केली त्या निकोलस नेग्रोपॉन्टे यांचं शिक्षण आर्किटेक्टचं. १९६७ मध्ये त्यांनी एमआयटीतच आर्किटेक्चर मशीन ग्रुप सुरू केला, आणि मीडिया लॅब आजही तिथल्या आर्किटेक्चर आणि नियोजन स्कूलचाच भाग आहे. क्रिस्टोफर अलेक्झांडर या आर्किटेक्टने १९७७ मध्ये सहकाऱ्यांसोबत मांडलेली 'पॅटर्न'ची, म्हणजे रचनेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांच्या परत वापरता येणाऱ्या उत्तरांची, कल्पना सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी उचलली. तसेच पॅटर्न जमवण्यासाठी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच बदलता येणारी पानं असलेली साइट, बनवली. आज शाळकरी मुलंही ज्या प्रकारच्या पानांवर माहिती शोधतात, त्याच्या मुळाशी घराच्या आणि गल्लीच्या रचनेबद्दल विचार करणारा एक आर्किटेक्ट आहे. उलट दिशेनेही तेच. बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये उभं राहिलं ते विमानांच्या डिझाइनसाठी बनवलेल्या कॅटिया या सॉफ्टवेअरच्या आधाराने. ही देवाणघेवाण जुनी आहे, आणि तुम्ही तिच्यात शिरलात तर घर सोडून जाताय असं मुळीच नाही.

तरीही त्या बोलण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि ती मी झाकणार नाही. असे कोर्स केलेले बरेच आर्किटेक्ट परत फर्ममध्ये येत नाहीत. सॉफ्टवेअर कंपन्या, उत्पादन डिझाइन, संशोधन, सल्लागार संस्था अशा ठिकाणी जातात. त्यात कमीपणा काही नाही. पण ते ठरवून व्हावं, वाहवत जाऊन नको. दुसरं म्हणजे, या पदव्यांमुळे आर्किटेक्ट म्हणून नोंदणीचा हक्क बहुधा मिळत नाही. अमेरिकेत परवान्यासाठी एनएएबी या आर्किटेक्चरच्या पदव्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेली व्यावसायिक पदवी बघतात. एसएमआर्क्ससारख्या पदव्या आधीच आर्किटेक्ट असलेल्यांसाठी आहेत, त्या यादीत येत नाहीत. इतर देशांतही असाच फरक आढळतो. तुमची नोंदणी अजून बाकी असेल तर निघण्याआधी पूर्ण करा. पुढे परत यायचं ठरलं तर दार उघडं राहील.

कोडिंगबद्दल तुम्ही लिहिलंय, "मला अजिबात येत नाही." पण तुम्ही डेफिनिशन बनवलीत. स्लायडरचा आकडा घेतला, यादी केली, प्रत्येक पट्टीला तिचा कोन दिला. याला प्रोग्रॅमिंगच म्हणतात, फक्त तारा जोडून केलेलं. याद्यांच्या फांद्या वेगळ्या करायच्या (ग्राफ्ट) की सगळं एकाच यादीत आणायचं (फ्लॅटन), यावर ग्रासहॉपरच्या डेटा ट्रीशी तुम्ही एखादी रात्र नक्कीच भांडला असाल, आणि ते भांडण प्रोग्रॅमिंगमधल्या सगळ्यात उपयोगी कल्पनांपैकी एकीशी होतं. आता तीच डेफिनिशन घ्या आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पुन्हा लिहा. नवा कोर्स लावू नका, नवं उदाहरण घेऊ नका, तुमच्याच पट्ट्या. उत्तर काय यायला हवं हे तुम्हाला आधीच माहीत आहे, म्हणून कुठे चुकलं ते लगेच दिसेल. हल्ली कोड लिहून देणारी एआय साधनं हाताशी आहेत. ती जरूर वापरा, पण प्रत्येक ओळ वाचून समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हेक्टर, याद्या, लूप आणि फंक्शन एवढं पक्कं असेल तर यातल्या बहुतेक कोर्सचं पहिलं सत्र निभावून नेता येतं.

मग पदवी हवीच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. नुसतं कौशल्य हवं असेल तर नको. ग्रासहॉपर तुम्ही घरी शिकलात, तसंच पुढचंही शिकाल, आणि आज जे सॉफ्टवेअर शिकवतात ते काही वर्षांनी मागे पडलेलं असेल. पदवीचा खर्च तीन गोष्टींसाठी करावा: ऑफिसात कधीही न मिळणारी यंत्रं आणि प्रयोगशाळा, तुमचा प्रश्न तुमच्यापेक्षा खोलवर समजणारा एखादा शिक्षक, आणि क्लायंटची तारीख डोक्यावर नसताना प्रयोग फसू देण्याची मुभा. या तिन्हींपैकी निदान दोन जिथे मिळत नाहीत, तो कोर्स कितीही नामवंत असो, मी त्यासाठी कर्ज काढणार नाही.

म्हणून निवड करताना कोर्सच्या माहितीपत्रकापेक्षा तिथले थीसिस वाचा. एमआयटी आणि डेल्फ्ट या दोघांचेही विद्यार्थ्यांचे थीसिस ऑनलाइन उघडपणे मिळतात. गेल्या तीन-चार वर्षांतले तुमच्या विषयाजवळचे काढा. गोषवारा वाचा, मग थेट आभाराचं पान उघडा. कोणी खरोखर वेळ दिला, कुठल्या प्रयोगशाळेत काम झालं, पैसे कुठून आले, हे सगळं तिथे मोकळेपणाने लिहिलेलं असतं. मग त्या विद्यार्थ्याला एक छोटं, नेमकं पत्र लिहा: "तुमच्या तिसऱ्या प्रकरणातली चाचणी मला माझ्या प्रकल्पात करून बघायची आहे, एक प्रश्न विचारू का?" 'कोर्स कसा आहे?' या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही, पण आपल्या कामाबद्दलच्या प्रश्नाला लोक आवर्जून देतात. ज्या प्राध्यापकासाठी जाताय ते त्या वर्षी रजेवर तर नाहीत, हेही विचारून घ्या. मीडिया लॅबसारख्या ठिकाणी तर अर्जातच कुठल्या संशोधन गटात काम करायचं ते लिहावं लागतं, त्यामुळे हा अभ्यास टाळता येतच नाही.

आणि आता पोर्टफोलिओ, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती आहे. पूर्ण झालेल्या इमारतींचे सुंदर फोटो या समित्यांना फारसे हलवत नाहीत. त्यांच्यासमोर तसे शेकडो येतात. तुमचा सगळ्यात मौल्यवान प्रकल्प तोच आहे, जो तुम्ही अपयश म्हणून शेवटच्या पानावर टाकायला निघालात. त्या पट्ट्या पहिल्या पानावर आणा, पण आधी तो प्रकल्प पूर्ण करा. पुढचे तीन-चार महिने फक्त यासाठी ठेवा. सपाट भिंतीच्या शंकेचं उत्तर शोधा. फळा, टेबल, जिना यांची जागा डेफिनिशनमध्ये घाला. सगळ्या पट्ट्या एका कोनात असतानाचा उजेड आणि तुमच्या रचनेतला उजेड यांची तुलना करा. फरक नगण्य निघाला तर तेही प्रामाणिकपणे मांडा, कारण 'मी मोजलं आणि माझी कल्पना कमी पडली' हे सांगू शकणारा विद्यार्थी समित्यांना दुर्मीळ वाटतो. आणि एक ब्रॅकेट खऱ्या मापात बनवा. पुठ्ठा, प्लायवुड, लेझरने कापलेली शीट, जे परवडेल ते. त्याच फॅब्रिकेटरकडे घेऊन जा आणि त्याचं मत घ्या. तो जे म्हणेल ते जसंच्या तसं पोर्टफोलिओत लिहा.

तुमचा कल तपासण्याची परीक्षाही हीच. या महिन्यांत तुम्ही रात्री उशिरापर्यंत आकड्यांमध्ये रमलात की ब्रॅकेट घासत बसलात, ते बघा. एकही काम धड पुढे सरकलं नाही आणि तुम्ही फक्त विद्यापीठांची पानं चाळत राहिलात, तर यंदा अर्ज करू नका. तेव्हा तुम्हाला कदाचित कोर्स नकोय, ही नोकरी नकोशी झालीये. तो आजार वेगळा आहे आणि नोकरी बदलून कमी खर्चात बरा होतो.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे का शिकायचंय हे सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधात, 'मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड आहे' हे वाक्य येऊ देऊ नका. भिंत, फळा, फॅब्रिकेटरचा नकार, तुमची चाचणी, आणि आता अडलंय ते कुठे, हा क्रम ठेवा. जिथे अडलंय त्या जागी त्या विभागातल्या कोणाचं काम मदतीला येईल, ते नाव घेऊन लिहा. बाकी काही लागत नाही.

वयाबद्दल फार लिहीत नाही. पाच वर्षं साइट बघितलेला माणूस अशा वर्गात कामाचा असतो, कारण बाकीच्यांनी बनवलेलं बांधता येईल का हे त्यालाच कळतं.

पैशांबद्दल मात्र कठोर राहा. कर्जाचा हप्ता ठरवताना सॉफ्टवेअर कंपनीतल्या पगाराचा आकडा धरू नका. परत फर्ममध्ये नेहमीच्या पगारावर काम करावं लागलं तर हप्ता फेडता येईल का, असा हिशेब करा. येत नसेल तर तेवढं कर्ज काढू नका. मीडिया लॅबमध्ये संशोधन सहायक म्हणून घेतलेल्या विद्यार्थ्यांची फी भरली जाते आणि विद्यावेतनही मिळतं. इतर ठिकाणी शिष्यवृत्ती, अध्यापन सहायक, संशोधन सहायक यांची चौकशी प्रवेशाच्या आधीच करा, नंतर नव्हे. एक वर्षाचा कोर्स स्वस्त दिसतो, पण त्यात रुळेपर्यंत नोकरीचे अर्ज सुरू करायची वेळ येते. विषय अजून धूसर असेल तर दोन वर्षं घ्या, आणि प्रश्न पक्का असेल तर एक वर्ष पुरतं. अमेरिकेचा विचार असेल तर कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे का ते विद्यापीठाकडून लेखी विचारा. सध्याच्या नियमांनुसार शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं आणि स्टेम पदवी असेल तर आणखी २४ महिने मागता येतात. एकाच विद्यापीठातल्या दोन शेजारच्या कोर्समध्येही हा फरक असू शकतो.

तुमचा शेवटचा प्रश्न बॉसचा. आज सांगू नका, पण फार काळ लपवूही नका. ब्रॅकेटचा नमुना आणि उजेडाची तुलना हातात आली की वेळ मागून घ्या आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा. शिफारसपत्र त्यांचंच सगळ्यात वजनदार ठरेल, कारण त्या भिंतीवर तुम्ही काय करत होता हे त्यांनी जवळून पाहिलंय. अर्जाच्या मुदतीआधी निदान दोन महिने विचारा, आणि पत्रात शाळेच्या प्रकल्पाबद्दल सविस्तर लिहावं अशी विनंती करा. फर्मचा प्रकल्प पोर्टफोलिओत घालायची लेखी परवानगी त्याच बैठकीत घ्या. ते कदाचित म्हणतील, पुढच्या इमारतीवर हे करून बघू, थांब. असं झालं तर कुठली इमारत, कधी आणि तुमच्याकडे नेमकी कोणती जबाबदारी, हे विचारा. तिन्हींची ठोस उत्तरं मिळाली तर एक वर्ष थांबायला माझी हरकत नाही. नाही मिळाली तर अर्ज पाठवा.